येते आणि जाते, मग भेटते काय?



सरांचे नाव या व्याख्यानमालेच्या फलकावर आहे. मी मात्र आज त्यांना नुसते ‘सर’ म्हणणार आहे, कारण दर्यापूरच्या बाजूला त्यांनी ज्यांना ज्यांना विज्ञान शिकवले, त्यांपैकी कुणीही त्यांना दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

एक प्रसंग मी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिलेला आहे. गावात वीज येऊन थोडीच वर्षे झाली होती. सर शाळेच्या ओट्यावर चार-पाच शेतकऱ्यांना सांगत होते, की तारेतली वीज एका सेकंदात पन्नास वेळा येते आणि पन्नास वेळा उलटी जाते. एक म्हातारबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “सर, तुमी म्हंता लाइन येते अन् वापस जाते. मंग आमाले भेटते काय?”

मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकलो, नंतर तीस वर्षे अकोल्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

सरांनी समोरच्या पडवीकडे बोट केले. तिथे दोन सुतार मोठ्या आऱ्याने लाकूड चिरत होते. “आरा पाहा. तो येतो आणि जातो. एक इंचसुद्धा पुढे सरकत नाही. लाकूड चिरलं जातं की नाही?” म्हातारबांनी मान हलवली. बल्ब तापतो, शेगडी तापते, ती या आऱ्यासारखी. तारेतले इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलतात, पण त्या हलण्यातून ऊर्जा घरात उतरते. पण म्हातारबांचे समाधान झाले नव्हते. त्यांनी लगेच पुढचे विचारले: “अन् बॅटरी भराची असन त?”

आजचे व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

बॅटरी म्हणजे हौद. आऱ्याने हौद भरत नाही. ओंजळभर पाणी टाकायचे आणि लगेच ओंजळभर काढायचे, तर दिवसभरात काहीच जमत नाही. बॅटरीला, रेडिओला, मोबाईलला, एलईडीला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. पुस्तकात तिला दिष्ट धारा म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्या विजेला प्रत्यावर्ती धारा, आणि दुसरीतून पहिली काढणाऱ्या साधनाला एकदिशकारक. आपण रोजच्या बोलण्यातले डीसी, एसी आणि रेक्टिफायर वापरू.

सरांनी सगळ्यांना हापशीवर नेले. दांडा खाली-वर, खाली-वर. हाताची हालचाल दोन्ही दिशांची, पाणी मात्र वरच येते, परत खाली जात नाही. का? आत झडपा आहेत. दट्ट्या वर गेला की एक झडप उघडते, खाली आला की ती बसते. शेतातल्या मोटारीचा पाइप विहिरीत सोडताना तळाशी आपण जो फूटव्हॉल्व्ह लावतो, ज्याला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तोही हेच काम करतो. पाणी वर जाऊ देतो, उतरू देत नाही. फुटबॉल खराब झाला की पाइप रिकामा होतो आणि पहाटे लाइन आल्यावर मोटार नुसती गुरगुरते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला मी सांगायला नको.

डायोड म्हणजे विजेचा फुटबॉल. त्यात हलणारा एकही भाग नाही, एवढाच फरक.

मग तो अडवतो कसा? हे मी या सभागृहावरूनच सांगतो. समजा, मधल्या वाटेच्या डावीकडे सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत आणि काही माणसे उभी आहेत. उजवीकडे सगळे बसलेले आहेत आणि काही खुर्च्या रिकाम्या आहेत. शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा अंश मिसळला की डावी बाजू तयार होते, बोरॉनचा मिसळला की उजवी. ही दोन्ही एकाच स्फटिकात लागून असली, की वाटेजवळ उभे असलेले लोक पलीकडच्या जवळच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसतात. वाटेलगतच्या पट्ट्यात आता उभे कुणी नाही आणि रिकामी खुर्चीही नाही. शिवाय जे पलीकडे जाऊन बसले, ते मागून येणाऱ्यांना थोपवतात, कारण इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला दूर लोटतो. झाली सीमा तयार. आता डावीकडून उजवीकडे जोर लावा. तो जोर साधारण 0.7 व्होल्टच्या पुढे गेला की पट्टा आक्रसतो आणि माणसांचा लोंढा पलीकडे जातो. उलटा जोर लावा. उभे असलेले आणखी डावीकडे सरकतात, रिकाम्या खुर्च्या आणखी उजवीकडे, पट्टा रुंदावतो आणि वाट बंद. डायोड स्वतः वीज देत नाही, वाढवत नाही, साठवत नाही. तो एका बाजूला नाही म्हणतो. त्याचे सगळे मोल त्या नकारात आहे.

ही सीमा माणसाला सापडली ती जवळपास अपघाताने. अमेरिकेत रसेल ओल यांच्याजवळ 1940 मध्ये एक तडा गेलेली सिलिकॉनची कांडी आली. तिच्यावर उजेड पडला की व्होल्टेज निर्माण होत असे. कांडीच्या दोन भागांत अशुद्धी वेगवेगळ्या होत्या, आणि त्यांची सीमा आपोआप घडली होती. पण एकाच दिशेने वीज जाऊ देणारे स्फटिक त्याआधीपासून ठाऊक होते. फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्ये धातूच्या सल्फाइड खनिजांत हा गुण पाहिला. आपले जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग विद्युतलहरी टिपण्यासाठी केला. त्याच्या अमेरिकन पेटंटचा अर्ज 1901 चा आहे, मंजुरी 1904 ची. अर्धवाहकाच्या साधनाचे जगातले पहिले पेटंट म्हणून त्याकडे पाहिले जाते. बोस यांची वनस्पतींवरची कामगिरी आपल्या शाळांत सांगतात, ही मात्र बहुधा सांगत नाहीत. मला त्याचे वाईट वाटते.

आता पुन्हा हापशीकडे. एकच हापशी असेल तर पाणी भचाभच येते: एक भचका, मग थांबा, पुन्हा भचका. एक डायोड लावला तर वीज तशीच येते. आपल्या 50 हर्ट्‌झच्या लाइनीतून सेकंदाला 50 भचके, मधला अर्धा वेळ कोरडा. दोन हापशा शेजारी बसवा आणि एकीचा दांडा खाली असताना दुसरीचा वर ठेवा, दोन्हींचे पाणी एकाच हौदात सोडा. सेकंदाला 100 भचके झाले आणि कोरडा वेळ गेला. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून मध्ये एक तार काढून दोन डायोड लावतात, ते हेच. मधली तार काढायची नसेल तर चार डायोडांचा पूल करतात. त्यात चार फुटबॉल अशा बेताने बसवलेले असतात, की पाणी कुठल्याही तोंडाने शिरो, बाहेर ठरलेल्याच तोंडाने पडते. या जोडणीला जर्मन शास्त्रज्ञ लिओ ग्रेट्झ यांचे नाव लागले आहे, पण पोलंडचे कारोल पोलाक यांनी तिचे पेटंट ग्रेट्झ यांच्या आधी, 1895-96 च्या सुमारास घेतले होते. तेव्हा सिलिकॉन कुठले? रसायनाच्या द्रावणात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या डायोडचे काम करत.

भचके सपाट करायला हौद लागतो. रेक्टिफायरमागचा कपॅसिटर हा तो हौद. वरून भचके पडतात, खालच्या तोटीतून धार सारखी येते. धार जितकी मोठी तितका हौद मोठा हवा. 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून 100 मिलिॲम्पिअर घेतले, तर दोन भचक्यांमध्ये व्होल्टेज साधारण एक व्होल्टने खाली येते. 1 ॲम्पिअर घेतला तर ते दहा व्होल्टने कोसळेल. म्हणून स्वस्त चार्जरवर जास्त भार टाकला की तो घोगरा होतो.

घोगरा हा शब्द मी उगाच वापरला नाही. 1980 च्या दशकात आमच्या भागात घरोघरी ट्रान्झिस्टर होते आणि सेल महाग पडत, म्हणून लोक सेलांऐवजी लाइनीवर रेडिओ चालवणारा एलिमिनेटर वापरत. 6-0-6 चा ट्रान्सफॉर्मर, बीवाय-127 चे दोन डायोड, एक कपॅसिटर, बस. बिघडलेला एलिमिनेटर कुणी आणला की सर आधी रेडिओ लावून कान देत. एकदा त्यांनी मला ऐकायला लावले. चांगल्या एलिमिनेटरवर अगदी बारीक गुणगुण असते, 100 हर्ट्‌झची. त्या दिवशीची गुणगुण जाड होती, भजनात कुणी खालच्या सप्तकात सूर धरावा तशी. सर म्हणाले, “एक डायोड गेला आहे. शंभराचे पन्नास झाले.” उघडून पाहिले तर तसेच. मीटर नंतर लावला, निदान आधी कानाने झाले होते. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. पुढे मी जे काही शिकलो, त्याची सुरुवात त्या जाड सुरापासून झाली.

त्याच महिन्यात मी स्वतः एलिमिनेटर जोडला आणि डायोड उलटे बसवले. कपॅसिटरला उलटी वीज मिळाली, तो गरम झाला, फुगला आणि फुटला. सर रागावले नाहीत. त्यांनी मला गावच्या विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात आणायला सांगितले. आमचा भाग पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. त्या पाण्याने पीक जळते आणि घसा कोरडा पडतो, त्याला कुणी कधी चांगले म्हटलेले नाही. सरांनी त्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसे उभी केली आणि त्यांना ट्रान्सफॉर्मरची सहा व्होल्टची एसी जोडली. दोन्ही शिसांपाशी सारखेच, जेमतेम बुडबुडे. मग मध्ये डायोड घातले. लगेच एका शिसापाशी बुडबुड्यांची माळ सुटली, दुसरीकडे फार थोडे, आणि थोड्या वेळाने क्लोरिनचा उग्र वास. “जिकडे जास्त बुडबुडे, तिकडे ऋण. तो हायड्रोजन आहे. आता तुझ्या तारा यात बुडव आणि मग कपॅसिटर लाव.” विजेला दिशा मिळाली म्हणजे नेमके काय झाले, ते मी आमच्या खाऱ्या पाण्यात पाहिले. हा प्रयोग फक्त सहा व्होल्टवर आणि ट्रान्सफॉर्मरमधूनच करायचा, घरातल्या बोर्डाच्या लाइनीवर कधीही नाही.

पेल्यातली ही गोष्ट रुळांवर केवढी मोठी होते, ते इथून जवळच बडनेऱ्याला दिसते.

आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, मुंबईला जाताना गाडी इगतपुरीला बराच वेळ थांबायची. घाट होता, हे एक कारण. दुसरे कारण असे, की तिथे वीज बदलायची. भारतातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. रेल्वेच्या मोटारींना डीसी सोयीची होती, सुरुवातीला जोर मोठा मिळतो आणि वेग सहज बदलता येतो. पण वीजघरातून एसी येते, त्यामुळे रुळांशेजारच्या उपकेंद्रांत तिची डीसी करावी लागे. सुरुवातीला ती अवजड फिरत्या यंत्रांनी केली, मग पाऱ्याच्या वाफेच्या रेक्टिफायरांनी, नंतर सिलिकॉनने. डीसीचे व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह प्रचंड, तारा जाड आणि उपकेंद्रे थोड्या थोड्या अंतरावर.

1957 मध्ये भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या अनुभवावरून 25,000 व्होल्ट एसी निवडली. व्होल्टेज सुमारे सतरा पट, म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह सतरावा हिस्सा. तार बारीक झाली आणि उपकेंद्रे कितीतरी लांब लांब गेली. पण मोटारी तर डीसीच्याच होत्या. मग रेक्टिफायर कुठे गेला? तो रुळांशेजारून उठून इंजिनात बसला. मुंबईत रेक्टिफायर जमिनीवर होता, वऱ्हाडातून जाणाऱ्या गाड्यांत तो गाडीबरोबर धावू लागला. भुसावळ-बडनेरा-नागपूर मार्गावर 1990 च्या आसपास ही वीज आली. इगतपुरीला मुंबईची डीसी आणि आपल्याकडची एसी यांची शीव होती. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली, आणि मध्य रेल्वेच्या मुंबई भागातली डीसी 2016 मध्ये पूर्ण संपली.

माल ओढणारे डब्ल्यूएजी-5 इंजिन आपण बडनेऱ्याच्या फलाटावरून कितीदा पाहिले असेल. छपरावरचा पँटोग्राफ तारेतून 25,000 व्होल्ट घेतो. आतला ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो आणि चालक 32 पायऱ्यांनी व्होल्टेज वाढवत नेतो. तिथून वीज सिलिकॉनच्या दोन मोठ्या रेक्टिफायरांत जाते, प्रत्येकावर तीन मोटारी. शेडमधले लोक त्याला आरएसआय म्हणतात. यातले ‘आर’ फ्रेंच शब्दाचे आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ सरळ करणारा. आपल्या मेकॅनिकच्या तोंडी तो शब्द इतका रुळला, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही नसते. इथे कपॅसिटरचा हौद पुरणार नाही, प्रवाह शेकडो ॲम्पिअरचा असतो. म्हणून जाड गुंडाळीची चोक वापरतात. हौदाऐवजी जड जाते म्हणा. एकदा फिरायला लागले की भचके आले तरी ते एका लयीत फिरत राहते.

त्या रेक्टिफायरांना स्वतंत्र पंखे असतात. डायोडने एका बाजूला वाट दिली तरी ती फुकट देत नाही. एलिमिनेटरमध्ये 0.7 व्होल्ट जातात, ते कुणाला जाणवत नाहीत. मोठ्या डायोडमध्ये एक व्होल्ट जाऊ लागले आणि प्रवाह हजार ॲम्पिअर असला, की एक किलोवॅट, म्हणजे एका शेगडीएवढी उष्णता, त्या नकाराची किंमत म्हणून सतत सोसावी लागते. पंखा बंद पडला तर डायोड जळतो. नव्या डब्ल्यूएजी-9 इंजिनांत मोटारी पुन्हा एसीच्या, तीन फेजच्या आहेत. तिथे तारेतली एसी आधी डीसी होते आणि मग हवी तशी एसी घडवली जाते. डीसी आता वाटेतल्या मुक्कामाचे गाव झाली आहे.

अशाच इंजिनांमागे कोळशाच्या गाड्या अकोल्याच्या पुढे पारसला जातात. पारसच्या वीजघरात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत, 2008 आणि 2010 मध्ये सुरू झालेले. तिथे तयार होते एसी, पण जनित्राच्या फिरत्या भागात चुंबक जागे ठेवायला डीसीच लागते. मोठ्या जनित्रांत कुठे ते डायोड फिरत्या दांड्यावरच बसवलेले असतात, कुठे बाहेरच्या कपाटात थायरिस्टर असतात. थायरिस्टर म्हणजे इशारा मिळेपर्यंत दार न उघडणारा डायोड. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर जी 500 किलोव्होल्ट डीसीची वाहिनी गेली आहे, तिच्या दोन्ही टोकांना असेच थायरिस्टर आहेत.

पण मला शेतात परत यायचे आहे.

आज कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसाच्या पाठीवर बॅटरीचा पंप असतो. बारा व्होल्टची बॅटरी, रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी पंप भरायचा. हंगामाच्या ऐन मध्यावर चार्जर जातो आणि नवा आणावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवाले असे जळके चार्जर मी उघडून पाहत आलो आहे. त्यांतल्या पुष्कळांत फक्त एक डायोड गेलेला असतो, चहापेक्षा स्वस्त. खेड्यातल्या पोराला मीटरचे डायोडचे बटण वापरता आले, एका बाजूने 0.6 किंवा 0.7 दिसते आणि दुसऱ्या बाजूने काही नाही एवढे कळले, तर तो चार्जर कचऱ्यात जात नाही. घरातल्या बहुतेक एलईडी बल्बांच्या पोटात चार डायोडांचा बोटाच्या नखाहून लहान पूल असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र डायोडचा आलेख फळ्यावरच राहतो. मी हे तक्रार म्हणून नव्हे, कळवळ्याने सांगतो.

आणि एक गोष्ट फार गंभीर आहे. रानडुक्कर आणि रोही यांनी आपल्या भागातला शेतकरी मेटाकुटीला आला आहे. रात्ररात्र जागलीला बसूनही सकाळी अर्धे शेत लोळवलेले दिसते. त्यासाठी झटका मशीन आहे. तिच्या आत काय चालते, ते ऐका. बॅटरीच्या बारा व्होल्टची आत एसी होते, ट्रान्सफॉर्मर ती चढवतो, डायोड तिला एका दिशेची करून कपॅसिटर भरतात, आणि थायरिस्टर साधारण सेकंदातून एकदा तो कपॅसिटर कुंपणात रिकामा करतो. व्होल्टेज हजारोंचे, पण झटका सेकंदाच्या फार लहान हिश्शापुरता, आणि एका झटक्यातली ऊर्जा काही ज्यूलच. आंतरराष्ट्रीय मानकात ती जास्तीत जास्त पाच ज्यूलवर ठेवली आहे. जनावर दचकते आणि मागे फिरते. दोन झटक्यांमधल्या वेळेत माणसाचा हात सुटतो.

ही मशीन न घेता काही लोक थेट डीपीवरून किंवा मोटारीच्या पेटीतून लाइन कुंपणाला जोडतात. ती सेकंदभरही थांबत नाही. 50 हर्ट्‌झची वीज स्नायू आवळून धरते, धरलेली तार सुटत नाही, आणि एका ॲम्पिअरचा दहावा हिस्सासुद्धा हृदयाची लय मोडायला पुरतो. अशा तारेवर डुकरांआधी माणसे गेली आहेत. पहाटे पाणी द्यायला निघालेली, शेजारच्या धुऱ्यावरची. हे बेकायदा तर आहेच. मला एका गावात एका शेतकरी भावाने विचारले, “सर, मधात एक डायोड टाकला त करंट अर्धा होते. मंग त चालन ना?” त्याच्या प्रश्नात क्रूरपणा नव्हता, उपाय शोधण्याची धडपड होती. मी त्याला सांगितले आणि इथेही सांगतो: नाही. अर्धी लाट तोडली तरी उरलेली अर्धी 325 व्होल्टच्या शिखरापर्यंत जाते, सेकंदाला पन्नास वेळा. माणूस मारायला ती पुरेशी आहे. डायोड दिशा देतो, विजेला निरुपद्रवी करत नाही. झटका मशीन वाचवते ती डायोडमुळे नव्हे, मोजून भरलेल्या कपॅसिटरमुळे आणि दोन झटक्यांमधल्या विसाव्यामुळे.

सर असते तर हे त्यांनी ओट्यावर बसून सांगितले असते, आणि म्हातारबांना पटेपर्यंत सांगितले असते.

या टेबलावर मी काही गोष्टी मांडल्या आहेत. सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर, एक छोटा स्पीकर आणि काचेच्या पेल्यात दर्यापूरकडच्या विहिरीचे पाणी. एक डायोड काढता-घालता येतो. तो काढला की स्पीकरचा सूर जाड होतो, घातला की बारीक होतो. समोर बसलेल्या मुलामुलींनी आधी यावे, मोठ्यांनी थोडे थांबावे. कान स्पीकरजवळ ठेवा, आणि डायोड कधी काढला ते मला न पाहता सांगा.